किडनी प्रत्यारोपण: घरातल्यांपैकी कुणी द्यायची, देणाऱ्याचं पुढे काय? (मुंबईतले अनुभव हवे आहेत)

अबोली_मुलुंड

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्या कारणासाठी लिहिते आहे.

नवऱ्याला (वय ४६) आयजीए नेफ्रोपथी (किडनीच्या गाळण्यांचा एक आजार) आहे. गेली काही वर्षं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) हळूहळू चढत गेलं. आता ६.८ आहे आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ९. डायलिसिस अजून सुरू नाही, पण डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शिरेचा जोड) करून ठेवला आहे. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणाले की घरात दाता असेल तर डायलिसिसवर जायच्या आधीच प्रत्यारोपण होऊ शकतं, तेव्हा वेळ घालवू नका.

त्यांचा रक्तगट बी, माझा ए. सासूबाईंचा बी, वय ६३, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. थोरले दीर ५१ वर्षांचे, पोस्टात आहेत, त्यांचाही बी. घरात मात्र पहिल्या दिवसापासून 'अबोली देईलच' असं धरून चाललंय. मला द्यायची आहे, मनापासून. पण मुलगी ११ वर्षांची आहे आणि मला नीट समजून घेऊन द्यायची आहे. विचारायला गेलं की 'घाबरू नकोस, काही होत नाही' यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

रक्तगट जुळत नसेल तर काय करतात? देणाऱ्याला पुढे काय त्रास होतो? कागदपत्रं काय लागतात, खर्च कसा उभा करतात? ज्यांनी दिली आहे किंवा घेतली आहे त्यांनी कृपया लिहा.

सायनकर_जुना

ताई, मी घेणाऱ्यांपैकी. आईची किडनी माझ्यात आहे आणि मी नोकरी करतो, लोकलने जातो-येतो.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती ऑपरेशनच्या तोंडावर कळली होती. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुतेक वेळा उजवीकडे, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि तिची मूत्रनलिका मूत्राशयाला. आत एक बारीक स्टेंट ठेवतात, तो काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात. जिवंत दात्याची किडनी बहुधा टेबलावरच लघवी करायला लागते. डायलिसिसवर पाणी मोजून प्यायची सवय झालेल्या माणसाला त्यानंतर सिस्टर 'प्या, अजून प्या' म्हणून मागे लागतात.

डायलिसिसच्या आधीच होत असेल तर जरूर करा. आठवड्यातून तीनदा चार-चार तास खुर्चीवर, त्यात येण्याजाण्याचा वेळ, आणि घरी येईपर्यंत अंगातली सगळी ताकद गेलेली. मी ते काढलंय. डायलिसिस जीव वाचवतं, त्याबद्दल कृतज्ञच आहे, पण चांगली किडनी रात्रंदिवस जे काम करते त्याचा थोडाच भाग ते करतं.

फिस्टुलाच्या हाताचं बीपी घेऊ देऊ नका आणि त्या हातातून रक्तही काढू देऊ नका. लॅबवाले घाईत असतात, दर वेळी आपणच सांगायचं.

जाईजुई

मी भावाला दिली आहे. देणाऱ्याच्या बाजूने जे खरं आहे ते लिहिते.

दुर्बिणीतून केली. पोटावर छोटी छिद्रं आणि किडनी बाहेर काढायला खाली एक चीर. पहिले दोन दिवस पोटापेक्षा खांदा जास्त दुखला. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्यामुळे तसं होतं, पण आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरले. चार-पाच दिवसांत घरी पाठवतात. बसून करायचं काम महिना-दीड महिन्यात सुरू होतं, पण तितके दिवस जड उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, गॅसचा सिलिंडर नाही. मुंबईतल्या घरात पहाटे पाणी भरायचं काम कुणाकडे असतं ते आपल्याला माहीतच आहे, तेव्हा त्याची सोय आधी लावा.

थकवा बराच काळ राहिला. आणि एक उदासपणाही आला. घेणाऱ्याभोवती सगळे गोळा झालेले असतात, तो बरा होत असतो, आणि आपण काल धडधाकट असताना आज कॉटवर. हे बोलायला लाज वाटायची. नंतर कळलं की बऱ्याच दात्यांना असं वाटतं आणि काही आठवड्यांत ते ओसरतं. नाही ओसरलं तर समुपदेशक असतात.

माझं क्रिएटिनिन आधी ०.७ होतं, आता १.१ च्या आसपास असतं. लॅबच्या रिपोर्टवर ते ठळक अक्षरात येतं आणि नवीन डॉक्टर दचकतात. मी आधीच सांगते की एक किडनी दान केली आहे.

पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन. पण 'काही होत नाही' हे वाक्य मी कुठल्याही दात्याला ऐकवणार नाही.

कोकणकडा

+१. जाईजुई, असं कुणीतरी लिहायला हवं होतं.

परळची_डॉक्टर

नेफ्रॉलॉजीतच काम करते. तुमच्या घरच्यांचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर.

अबोलीताई, दात्याची तपासणी ही आधी दात्याच्या भल्यासाठी असते. 'ही किडनी चालेल का' हा प्रश्न नंतरचा. 'ही व्यक्ती उरलेल्या एका किडनीवर पुढची तीस-चाळीस वर्षं नीट जगेल का' हा पहिला. म्हणून एवढ्या तपासण्या: साखर (ग्लुकोज पिऊन करतात तीसुद्धा), २४ तासांच्या लघवीतली प्रथिनं, प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ, हृदयाचा टू-डी एको, कावीळ-एचआयव्हीच्या चाचण्या, स्त्रियांसाठी मॅमोग्राफी आणि पॅप स्मिअर, शिवाय मानसोपचारतज्ज्ञांची भेट. दोन किडन्यांत फरक निघाला तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवतात. दोन्ही सारख्या असल्या तर बहुधा डावी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपं जातं.

आता धोका. दात्याच्या मृत्यूचा धोका साधारण १०,००० ऑपरेशनांत ३ असा सांगितला जातो, अलीकडे त्याहूनही कमी. पुढच्या आयुष्यात दात्याचीच किडनी निकामी होण्याबद्दल अमेरिकेत २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दात्यांमध्ये आयुष्यभरातला तो धोका १०,००० मागे ९० निघाला, तितक्याच निरोगी पण दान न केलेल्या लोकांत १४, आणि सरसकट सगळ्या लोकसंख्येत ३२६. म्हणजे धोका वाढतो हे खरं आणि तो लहान आहे हेही खरं. दात्याला हे दोन्ही आकडे सांगायलाच हवेत. उरलेली किडनी थोडी मोठी होते, जास्त काम करू लागते आणि एकूण कार्यक्षमता आधीच्या ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. जाईजुईंच्या रिपोर्टमधला बदल तोच.

ज्या तरुण मुलींना पुढे बाळ हवं आहे त्यांना एक गोष्ट सांगावीच लागते: दानानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असते.

बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ ला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते जुळ्या भावांत. दाता रोनाल्ड हेरिक त्यानंतर ५६ वर्षं एका किडनीवर जगला आणि २०१० साली ७९ व्या वर्षी गेला. घेणारा भाऊ रिचर्ड आठ वर्षं जगला. दात्यांना मी हा दाखला देते, पण तो एकाच माणसाचा आहे हेही सांगते.

तुमच्या घराबद्दल. ६३ वय आणि बीपीची एक गोळी एवढ्यावरून सासूबाई बाद होत नाहीत. बीपी ताब्यात असेल, लघवीत प्रथिनं नसतील, हृदय ठीक असेल तर साठीतल्या आया सर्रास देतात. दिरांच्या लघवीत सूक्ष्म रक्त जातंय का हे मात्र नीट बघावं लागेल, कारण आयजीए क्वचित भावंडांतही सापडतो. तो नव्या किडनीत परत येऊ शकतो, पण सहसा सावकाश, आणि त्या भीतीने प्रत्यारोपण टाळत नाहीत.

एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणीचा लोक फार धसका घेतात. आईशी अर्धी जुळणी असतेच. सख्ख्या भावाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची चारात दोन, आणि अजिबात न जुळण्याची चारात एक. पण आजच्या औषधांमुळे नवरा-बायकोतली, काहीच न जुळणारी किडनीही छान चालते. क्रॉसमॅच (घेणाऱ्याच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का ती चाचणी) निगेटिव्ह येणं जास्त महत्त्वाचं.

आणि शेवटचं. दात्याला कुठल्याही टप्प्यावर नाही म्हणता येतं, अगदी ऑपरेशनच्या सकाळीही. दात्याशी घरच्यांना बाहेर बसवून बोलायचं असतं, आणि त्याची इच्छा नसेल तर घरी एवढंच सांगितलं जातं की दाता म्हणून योग्य नाही. तुम्ही स्वतंत्र वेळ मागून घ्या. दिरांनाही तशी वेळ मिळू द्या. गप्प बसलेला माणूस कधी कधी फक्त घाबरलेला असतो.

निळासावळा

माझ्या मामांना एका वैद्यांच्या भस्माने फरक पडला होता. ऑपरेशनच्या आधी एकदा बघायला काय हरकत आहे? नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

परळची_डॉक्टर

हरकत आहे. ईजीएफआर ९ वर आलेल्या किडनीचे व्रण भरून येत नाहीत, आणि धातूंच्या भस्मांनी उरलीसुरली किडनीही जाते. अशी माणसं नंतर थेट आयसीयूत येतात, तातडीचं डायलिसिस लागतं आणि डायलिसिसच्या आधी प्रत्यारोपण करायची संधी निघून जाते. निळासावळा, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया हा नंबर कुणाला देऊ नका.

संपादक_मंडळ

'डोनर मिळवून देतो' असा मजकूर आणि फोन नंबर असलेला एक प्रतिसाद उडवला आहे आणि ते खातं बंद केलं आहे. अवयवांची खरेदी-विक्री आणि दलाली हा १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. असं काही दिसलं तर आम्हाला लगेच कळवा.

रुग्णसोबती

प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम केलं आहे, कागदपत्रांचं सांगतो.

कायद्याने 'जवळचे नातेवाईक' म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आणि २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडं. एवढ्यांसाठी परवानगी रुग्णालयाच्या पातळीवर मिळते. बाकी कुणीही, म्हणजे चुलतभाऊ, मेहुणा, मित्र, असेल तर प्राधिकार समितीपुढे जावं लागतं आणि पैशांचा व्यवहार नाही हे पटवून द्यावं लागतं. उदाहरणार्थ अबोलीताईंचा सख्खा भाऊ त्यांच्या नवऱ्यासाठी जवळचा नातेवाईक धरला जात नाही.

तुम्ही दाता झालात तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांची ओळखपत्रं, रहिवासाचा पुरावा, जुने एकत्र फोटो, मुलीचा जन्मदाखला काढून ठेवा. आई किंवा भाऊ असतील तर जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, शिधापत्रिका. नावांतला फरक फार छळतो. माहेरचं नाव, सासरचं नाव, आधारवर तिसरंच स्पेलिंग. ते आत्ताच दुरुस्त करायला घ्या किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. मुलाखतीचं चित्रीकरण होतं, घाबरू नका, साधे प्रश्न असतात.

२०१४ च्या नियमांत एक तरतूद मुद्दाम आहे: दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यायची. ती उगाच घातलेली नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांत बायका बहुसंख्य आणि घेणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य. मी कितीतरी कुटुंबं पाहिली जिथे बायको आणि आई यांच्या तपासण्या पूर्ण होतात आणि भावांचा रक्तगटसुद्धा कुणी विचारलेला नसतो. तुमच्या घरी दिरांचा रक्तगट माहीत आहे, म्हणजे तेवढी सुरुवात झाली आहे.

रक्तगटाबद्दल. नवरा बी आणि दाता ए म्हणजे दोन वाटा. एक, रक्तगट न जुळता केलेलं प्रत्यारोपण: आधी औषधं आणि प्लाझ्माफेरेसिस करून रक्तातली विरोधी प्रतिपिंडं कमी करायची. मुंबईत हे होतं, पण खर्च बराच वाढतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही. दुसरी, अदलाबदल, म्हणजे स्वॅप. जिथे रुग्ण ए आणि त्याचा जवळचा नातेवाईक बी आहे असं दुसरं कुटुंब शोधायचं. ए आणि बी गटांची अदलाबदल त्यातल्या त्यात लवकर जुळते. ओ गटाच्या रुग्णाला फार थांबावं लागतं. दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी करतात, म्हणजे कुणी मागे फिरण्याचा प्रश्न येत नाही. मुंबईत ॲपेक्स किडनी फाउंडेशनची स्वॅप नोंदवही आहे, आणि तुमच्या रुग्णालयाचा समन्वयकही नाव घालू शकतो.

शिवाय मेंदूमृत दात्यांच्या यादीतही नाव नोंदवायचं विचारा. ती नोंदणी रुग्णालयामार्फतच झेडटीसीसीकडे (अवयववाटप पाहणारी विभागीय समिती) होते, त्यांचं कार्यालय सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आवारात आहे. नोंदणीच्या अटी समन्वयक सांगतील. प्रतीक्षा वर्षानुवर्षांची आहे, म्हणून घरातला दाता शोधणं थांबवू नका.

अबोली_मुलुंड

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी. प्रिंट काढून सासूबाईंना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, 'मला आधी का नाही विचारलंस? मुलगा माझा आहे.' त्यांच्या तपासण्या सुरू करतो आहोत.

एक शंका. समजा पुढेमागे उलटं झालं असतं, मला किडनी लागली असती आणि ह्यांचा रक्तगट जुळला असता, तर क्रॉसमॅच सोपं गेलं असतं का? डॉक्टर बाळंतपणाबद्दल काहीतरी म्हणत होते.

परळची_डॉक्टर

उलट अवघड गेलं असतं. बाळात अर्धे गुण वडिलांचे असतात, त्यामुळे गरोदरपणात आईच्या शरीरात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. म्हणून बायको रुग्ण आणि नवरा दाता असताना क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येण्याची शक्यता जास्त. बाहेरचं रक्त चढवल्यानेही तसंच होतं. तुमच्या यजमानांचं हिमोग्लोबिन कमी झालं तर शक्यतो लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांवर भागवतात, रक्त टाळतात. कुणी दुसऱ्या ठिकाणी घाईने रक्त चढवायला निघालं तर आधी नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा.

आणि लसी आत्ताच. हिपॅटायटिस बी, न्युमोनियाची, फ्लूची. प्रत्यारोपणानंतर जिवंत विषाणूंच्या लसी देता येत नाहीत.

वडाळा_रोड

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडिलांच्या वेळी सगळी धावपळ मी केली होती.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं. २०२३ च्या शासन निर्णयाने त्यासाठीची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख केली. पण रुग्णालय योजनेत आणि त्या उपचारासाठी असावं लागतं, आधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) गाठा. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्टकडे अर्ज करता येतो. प्रत्येकाला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक सही-शिक्क्यासह लागतं, त्याच्या जास्तीच्या प्रती मूळ शिक्क्याच्याच घ्या. मेडिक्लेम असेल तर दात्याच्या तपासण्या आणि दात्याचं ऑपरेशन त्यात धरलंय का ते लेखी विचारा. आमच्या पॉलिसीत ऑपरेशन होतं, तपासण्या नव्हत्या.

ऑपरेशनचा खर्च लोक कसाही उभा करतात. औषधं दर महिन्याला लागतात आणि ती कायमची. निधी गोळा करताना पहिल्या वर्षाची औषधं आणि रक्त तपासण्या त्यातच धरा. पैशासाठी गोळ्या अर्ध्या करून घेणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांची किडनी गेलेलीही पाहिली आहे.

तुमचे दीर पोस्टात म्हणजे केंद्र सरकारचे कर्मचारी ना? अवयवदान केलं तर त्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, २०२३ चा आदेश आहे.

सायनकर_जुना

औषधांवरून. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे बहुतेकांचं त्रिकूट. टॅक्रोलिमस १२ तासांच्या अंतराने, घड्याळ लावून. पातळी तपासायची त्या सकाळी रक्त देईपर्यंत गोळी घ्यायची नाही. खिशात ठेवून जायचं आणि रक्त दिलं की घ्यायची. केमिस्ट 'हीच कंपनी नाही, दुसरी देतो' म्हणाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. गणपतीत कोकणातून पपनस येतं तेव्हा घरच्यांना आठवण करावी लागते.

पावसाळा सांभाळायचा. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, लेप्टोची भीती आपल्याला जास्त. परळ-हिंदमाताला पाणी भरलं की मी सरळ घरी बसतो, साहेबांना तसं लेखी देऊन ठेवलं आहे. गाड्यावरचं पाणी, कापलेली फळं, उघडी चटणी नाही. पहिले काही महिने मास्क आणि गर्दी टाळणं. ताप आला तर क्रोसीन घेऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन.

परळची_डॉक्टर

पुरवणी: खोकला रेंगाळला तर क्षयाची तपासणी लवकर करून घ्या, आपल्याकडे प्रत्यारोपणानंतर तो बराच दिसतो. क्षयावरचं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी खाली आणतं, म्हणून उपचार नेफ्रॉलॉजिस्टच्या सल्ल्यानेच. काही रुग्णांना प्रत्यारोपणानंतर नव्याने मधुमेह होतो, साखर बघत राहायची.

दात्यांनीही वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासायची, आयुष्यभर. डोकं-कंबर दुखली म्हणून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक घ्यायची नाही.

जाईजुई

अबोली, दिरांचं काय झालं? सांगायचं नसेल तर राहू दे.

अबोली_मुलुंड

सांगते. सासूबाईंची साखर ग्लुकोजच्या तपासणीत वाढलेली निघाली, त्यामुळे त्यांना नाही म्हणाले. त्या खूप रडल्या. त्याच रात्री भाऊजींना मी हा धागा वाचायला दिला आणि सांगितलं की तुम्ही नाही म्हणालात तरी या घरात कुणी तुम्हाला बोलणार नाही, मी आणि हे स्वॅपमध्ये नाव घालतोय. ते एकटेच जाऊन डॉक्टरांना भेटून आले. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या घरी दात्याचं काहीतरी बिघडलं होतं आणि ती धास्ती त्यांच्या मनात होती. आता तपासण्या करून घ्यायला तयार झालेत. द्यायचं की नाही ते रिपोर्ट आल्यावर ठरवणार, आणि मी त्यांना त्याआधी काही विचारणार नाही. आमचं नाव स्वॅपच्या नोंदवहीतही घातलं आहे, म्हणजे सगळा भार त्यांच्यावर नको.

वहिनी विचारत आहेत की २४ तासांची लघवी गोळा करायची म्हणजे नेमकी कशी?

रुग्णसोबती

कॅन लॅबमधूनच घ्या. सुट्टीचा दिवस धरा, ऑफिसात जमत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिली धरून. एकदा जरी संडासात गेली तरी पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर आकडा चुकीचा येतो. कॅन थंड जागी ठेवा आणि त्याच सकाळी लॅबला पोचवा. सोबत दिरांचं वजन आणि उंची लिहून द्या.